मास्तरांची मोडी सही

१

रंधा थांबला नाही. श्यामसुंदरजी लाकडाकडे बघतच म्हणाले, “बहनजी, अब काहे की चिट्ठी? आपके ससुर जी तो लिखकर दे चुके।”

माझ्या कडेवर बेबी होती आणि हातात दोनदा शुद्ध करून लिहिलेला अर्ज. गोहलपुरातल्या त्या फर्निचरच्या कारखान्यात भुसा असा उडत होता की बेबीला एकसारखा खोकला येत होता. मी तिचं तोंड पदरानं झाकलं.

“काय लिहून दिलं?”

“यही, कि कोई आपत्ति नहीं।”

मला वाटलं हा माणूस धडधडीत खोटं बोलतो आहे. चोवीस नोव्हेंबरला मामंजींनी, म्हणजे माझ्या निवृत्त मास्तर सासऱ्यांनी, श्यामसुंदरजींच्या रांझीतल्या घराच्या खरेदीचा इकरारनामा केला आणि बयाना दिला. त्यातलं एक कलम मी मामंजींना तीनदा वाचून, मराठीत समजावून दिलं होतं. तीस दिवसांत घराची आणि मालकीच्या कागदांची तपासणी करून घ्यायची. काही खोट निघाली तर लेखी हरकत द्यायची, बयाना परत. मुदतीत हरकत दिली नाही, किंवा हरकत नाही असं आपणच लिहून दिलं, की घर आहे तसं पत्करलं. मग बयाना विसरायचा.

आज एकोणतिसावा दिवस होता. आणि खोट निघाली होती, चांगली मोठी.

“दाखवा कागद,” मी म्हटलं.

त्यांनी गल्ल्यातून एक चिठ्ठी काढली. माझ्या हातात दिली नाही, दोन बोटांत धरून समोर उभी केली. मी वाचली. लहानपणापासून मला एकदा वाचलेलं पाठ होतं, तसं ते झालं:

‘आज दिनांक ८ दिसंबर तक श्री श्यामसुंदर के रांझी वाले भवन के संबंध में हमें कोई आपत्ति नहीं है। भवन सुरक्षित है।’

अक्षर मामंजींचं नव्हतं. खाली सही मात्र त्यांचीच होती. नीलकंठ हे नाव मोडीत, एकाच फटकाऱ्यात, शेवटी शेपटीसारखी ओढलेली रेघ. अख्ख्या जबलपुरात तशी सही दुसरं कोणी करू शकत नाही. नक्कल करायची म्हटली तरी महिना जाईल.

“हे तुमच्याकडे कोणी आणून दिलं?”

श्यामसुंदरजींनी चिठ्ठीची घडी घातली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि हसले.

“आप ही के आदमी दे गए।”

२

माझा जन्म जबलपूरचा. वडील रेल्वेत, शिक्षण सगळं हिंदीतून, बी. ए. सुद्धा. इथे ‘आदमी’ म्हणजे नवरा. ‘मेरे आदमी फैक्टरी में हैं,’ असं नळावरच्या बायका दिवसातून दहादा म्हणतात.

म्हणजे ह्यांनी दिला कागद? चंद्रशेखरांनी?

बस येईपर्यंत मी तोच विचार करत होते आणि माझे कान तापत होते. हे घर ह्यांना हवं होतं. आमच्या भाड्याच्या एका खोलीत भिंतीला हात लावला तर ओला होतो, आणि बेबीची छाती दिवाळीपासून घरघरते. पण घर पाहून आल्यावर मी म्हटलं, सगळं तपासायचं, तेव्हा हेच वैतागले होते. “तुला प्रत्येकात विंचू दिसतो.”

हो, दिसतो. दहा महिन्यांचं पोर जमिनीवर रांगतं तेव्हा विंचू बघावाच लागतो. मी त्या घराच्या विहिरीचा कठडा हलवून पाहिला, पत्रे मोजले, शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, “अनसूया बाई का घर? बिक रहा है?” तिथून मी रजिस्ट्री ऑफिसात गेले. कारकुनाने मला तीन दिवस बाकावर बसवलं. चौथ्या दिवशी जुनं खरेदीखत दाखवलं. त्यात मालक दोन होते, श्यामसुंदर आणि त्यांचा भाऊ. भाऊ वारला. त्याची विधवा अनसूयाबाई भेडाघाटला मुलाकडे राहते, मुलगा संगमरवराच्या मूर्ती करतो. मी बस पकडून तिथेही गेले. ती म्हणाली, “आधा घर हमारा है बेटी। हमसे तो किसी ने पूछा ही नहीं।”

आणि इकरारनाम्यात श्यामसुंदरजी एकटे मालक.

सौदा पुढे नेला तर अर्धं घर आणि जन्मभराचा खटला. सौदा मोडला तर बयाना जाणार, आणि तो बयाना म्हणजे मामंजींनी आर्वीचं घर विकून आणलेली सगळी पुंजी. त्यांना परत जायला आता आर्वीत उंबरठासुद्धा नव्हता.

रांझीला उतरले ती सरळ भाऊरावांकडे गेले. हा सौदा त्यांनीच जुळवला होता, श्यामसुंदरजींकडून दलाली ठरवून. आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस, बांगलादेशच्या लढाईच्या दिवसांत मोहल्ल्याचे ब्लॅकआउट वॉर्डन. कोणाला खोली हवी, कोणाच्या मुलीला स्थळ हवं, सगळे त्यांच्याकडे जातात.

“या वहिनी. बेबीला सर्दी अजून?” ते म्हणाले. मी कागदाचं सांगितल्यावर हळहळले. “अरेरे. मी तर तो कागद पाहिलासुद्धा नाही. पण वहिनी, राग नका मानू, मास्तरांना विसर पडून राहिला आता. परवा चष्मा कपाळावर अन् शोधत होते टेबलाखाली. कोणी समोर धरलं असेल, केली असेल सही.”

“कोणी धरलं, तेच विचारून राहिले मी. त्या कचेरीतल्या मुरलीधरने?” इकरारनामा मुरलीधर अर्जनविसाने लिहिला होता.

“असू शकते. या कचेरीवाल्यांची हिंदी म्हणजे जाळं. माझ्यापुढे त्यांची टाप नाही म्हणा. आमच्या घराण्याला दीडशे वर्षं झाली इथे. वकील लोक माझ्याकडून मसुदा तपासून नेतात.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण तुम्ही काहून एवढं खोदून राहिल्या? आपल्यातल्या बाया रजिस्ट्रीत जात नाहीत वहिनी. लोक बोलतात.”

“काय बोलतात?”

“जाऊ द्या.”

मी बेबीला उचललं. घरी आले. मामंजी अंगणात खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. लढाई संपून आठवडा झाला होता, तरी ते रोज नकाशा उघडून बसत.

“मामंजी, आठ तारखेला तुम्ही श्यामसुंदरजींना लिहून दिलं का, घराबद्दल आपली काही हरकत नाही म्हणून?”

“नाही.”

“नीट आठवा.”

“आठवायचं काय त्यात? हरकत घ्यायची मुदत चोवीसपर्यंत आहे, तूच शिकवलं. मी काहून आधीच लिहून देईन?”

“मी कागद बघून आले. खाली तुमची मोडी सही आहे.”

“छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं मी. तू मले खोटा पाडून राहिली का, सूनबाई?”

वर्तमानपत्र घडी करून त्यांनी खाटेखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवले नाहीत. बेबी त्यांच्या धोतराचा सोगा ओढत होती, तिलाही घेतलं नाही.

३

सहाच्या भोंग्यानंतर हे आले. सायकल भिंतीला टेकवायच्या आतच मी विचारलं, “वडिलांची सही तुम्ही घेतली?”

“कसली सही?”

मी सगळं सांगितलं. ऐकताना ह्यांच्या कपाळाची शीर फुगली.

“बाबा विसरले असतील. मान्य कर. वय झालं त्यांचं.”

“आणि कागद तिथे पोचवला कोणी? श्यामसुंदरजी म्हणाले, तुम्ही.”

“मी?”

“‘आप ही के आदमी दे गए।’ माझ्या कानांनी ऐकलं.”

“आठ तारखेला? लढाई चालू होती बाई! सलग दोन पाळ्या करून राहिलो होतो मी. गेटच्या बाहेर पाय नव्हता. विचार जा टाइम ऑफिसात!” शेजारी बाहेर आले इतका आवाज चढला. “नवऱ्याला चोर ठरवते! अन् ‘आदमी’ म्हणजे नवराच काय? ‘आपके आदमी’ म्हणजे तुमच्यातलं कोणी. आमचा फोरमन नाही का म्हणत, ‘पाटील, तुम्हारे आदमी ने जॉब बिगाड़ा’? तुमच्यातलं म्हणजे मराठी. इतकी बी. ए. झाली अन्…”

पुढचं मी ऐकलं नाही.

एक शब्द. श्यामसुंदरजींनी एक शब्द टाकला, मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ घेतला आणि दिवसभर नवऱ्याला मनातल्या मनात फाडून खाल्लं. आणि त्याच दिवशी मी मामंजींना काय सांगितलं होतं? त्या चिठ्ठीतली हिंदी मी त्यांना सांगितलीच नव्हती. माझा तरजुमा सांगितला होता. मला दोन्ही भाषा एकाच श्वासात येतात, एकीतून दुसरीत मी कधी गेले ते मलाच कळत नाही. पण मामंजी आर्वीचे. मराठी शाळेचे मास्तर. इथे येऊन सहा महिने झाले, आणि हिंदी कागद दिसला की ऐटीत म्हणायचे, “देवनागरीच तर आहे. वाचता येते मले.”

मी खाटेपाशी गेले.

“मामंजी, इकडे बघा. त्या कागदावर काय होतं ते मी जसंच्या तसं म्हणते. हिंदीतच. ‘आज दिनांक ८ दिसंबर तक श्री श्यामसुंदर के रांझी वाले भवन के संबंध में हमें कोई आपत्ति नहीं है। भवन सुरक्षित है।’”

ते ताडकन उठून बसले.

“हा होय! हा तर मी सही केलेलाच कागद. मग तू सकाळपासून हरकत हरकत काय करून राहिली?”

“हा कशाचा कागद आहे?”

“लढाईचा. तू बेबीला घेऊन दवाखान्यात गेली होती. भाऊराव आले, दंडाला वॉर्डनची पट्टी. म्हणाले, मास्तर, बयाना दिलेल्या घरांची नोंद घेऊन राहिलो. उद्या बॉम्ब पडला तर सरकार भरपाई देते, पण आजच्या तारखेपर्यंत घरावर काही आपत्ती नाही, असं लेखी पाहिजे. मी वाचून पाहिलं ना. आपत्ती नाही. भवन सुरक्षित. खरं होतं ते. केली सही.”

हे सायकलीपाशी तसेच उभे होते.

“मामंजी,” मी म्हटलं, “कचेरीच्या हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत.”

“अन् मग संकटाला काय म्हणतात?”

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, असा की बेबीला मी ह्यांच्याकडे दिलं. म्हाताऱ्या माणसाला ब्लॅकआउटच्या दिवसांत, देशाचं काम म्हणून, खरं लिहून द्यायला लावलं आणि त्या खऱ्याचा गळफास केला. हे हिंदीवाल्याचं काम नव्हतं. मामंजींना ‘आपत्ति’चा एवढा एकच अर्थ माहीत आहे हे ज्याला मराठी येत नाही त्याला कळणार कसं? मुरलीधरला नाही, श्यामसुंदरजींनाही नाही. आणि ते अक्षर! चिठ्ठी डोळ्यांपुढे आणली. ‘वाले’मधला ल मराठी पाटीवर गिरवतात तसा, दोन गोल पोटांचा. हिंदी शाळेत शिकलेला माणूस तो ल काढत नाही.

“भाऊरावाला जाब विचारतो,” हे दात खाऊन म्हणाले.

“तो म्हणेल, पाहिलासुद्धा नाही कागद. मला सकाळीच म्हणाला. बाबांचा शब्द आणि त्याचा शब्द. सगळा मोहल्ला कोणाचं ऐकेल?”

मुदत संपायला एक दिवस होता.

४

सकाळी मी कचेरीत गेले. मुरलीधर चिंचेखाली टाइपरायटर पुसत होता. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तू लिहिलेल्या इकरारनाम्यात एक मालक आहे आणि रजिस्ट्रीत दोन. तो उभा राहिला. “मुझसे झूठ लिखवाया? मेरा लाइसेंस जाएगा!” मग मी चिठ्ठीचा मजकूर म्हणून दाखवला. तो आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला आणि मग हसला.

“आपत्ति नहीं है, ठीक। ‘भवन सुरक्षित है’, ये क्या हुआ? पूछा किसने? ये किस अनाड़ी ने लिखा?”

“हेच, अगदी असंच, तुम्हाला तिथे येऊन म्हणायचं आहे.”

दुपारी तीनला आम्ही गोहलपुरात पोचलो. मी, मामंजी, अर्धी रजा टाकून आलेले हे, आणि मुरलीधर. बेबीला शेजारणीकडे ठेवलं होतं आणि माझा अर्धा जीव तिथे होता. भाऊरावांना मी निरोप पाठवला होता की सौद्याचं शेवटचं बोलणं आहे, तुम्ही हवेच. ते पांढऱ्या टोपीत आले, खुर्ची ओढून श्यामसुंदरजींच्या बाजूला बसले.

“या मास्तर. जेवण झालं?”

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. वाटेत मीच सांगितलं होतं, मी म्हणेपर्यंत एक अक्षर नको.

“वह चिट्ठी ज़रा मुरलीधर जी को दिखाइए,” मी श्यामसुंदरजींना म्हटलं. “उनका कहना है, ऐसा काग़ज़ चलता ही नहीं।”

श्यामसुंदरजींनी भुवया वर केल्या, पण चिठ्ठी काढली. मुरलीधरने चष्मा लावून वाचली. मग मोठ्यानं वाचली. मग मिस्त्र्यांकडे वळून म्हणाला, “सुनो भाई, ‘भवन सुरक्षित है’! आपत्ति के काग़ज़ में चौकीदारी की रिपोर्ट!” रंधे थांबले. कोणीतरी फिसकन हसलं. “जिसने लिखा है उसे हिन्दी का ह नहीं आता। दूसरी जमात का लड़का भी ऐसा न लिखे।”

भाऊरावांच्या मानेवर लाली चढली. त्यांनी पानदान उघडलं, पुन्हा बंद केलं.

“मराठी लोग हैं न,” मुरलीधर म्हणाला, “हिन्दी इनके बस की नहीं। कोई गँवार होगा।”

“ज़बान सँभालो!” भाऊराव उठले. “तेरे जैसे दस मुंशी मेरे यहाँ मसौदा पूछने आते हैं। वह ‘सुरक्षित’ जान-बूझकर डाला है, समझे? उसके बिना मास्टर दस्तख़त…”

ते थांबले.

हे पुढे झाले. मी हात आडवा केला, कारण हे मारणार होते आणि मला मारामारी नको होती, दिवस संपायच्या आत अर्जाची पोच हवी होती.

“बोला ना, भाऊराव,” मी म्हटलं. “त्याच्याशिवाय मास्तरांनी सही केली नसती. बरोबर? नुसतं ‘आपत्ति नहीं’ वाचून त्यांनी मला विचारलं असतं. ‘सुरक्षित’ वाचलं आणि त्यांना बॉम्बच दिसला. काल म्हणत होते, कागद पाहिलासुद्धा नाही. आज त्यातला शब्द काहून घातला तेसुद्धा माहीत आहे.”

“वहिनी, तुम्ही उगीच…”

“अनसूयाबाईंचं अर्धं घर आहे हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला तुम्ही पंगतीत होते. तिनेच सांगितलं मला.”

श्यामसुंदरजी खुर्चीतून उठले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. “भाऊराव जी, आपने तो कहा था बूढ़े ने राज़ी-ख़ुशी लिखा है!”

“और आपने कहा था मालिक आप अकेले हैं,” मुरलीधर म्हणाला. “मैं अभी थाने चलूँ कि पहले बहनजी का काग़ज़ लेंगे?”

५

भाऊराव माझ्याजवळ आले. आवाज मऊ, मंडळाच्या सभेतला. “वहिनी, झालं ते झालं. मी बोलतो यांच्याशी, बयाना मिळेल. पण हे बाहेर नको जायला. आपण मूठभर लोक आहोत या गावात. आपल्या माणसात मिटवू.”

“आपला माणूस म्हणूनच त्यांनी तुम्हाला पाट दिला, चहा दिला,” मी म्हटलं. “परक्याने आणला असता तो कागद, तर मामंजींनी चारदा वाचला असता. मंडळाच्या सभेत मी हे सगळं सांगणार आहे. बायांच्या रांगेत बसून नाही, पुढे उभी राहून. लोक बोलतात ना? बोलू द्या.”

ते ह्यांच्याकडे वळले. “शेखर, सांग बापा बायकोला काही.”

हे माझ्याकडे बघत होते. काल संध्याकाळपासून आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो होतो, आणि मी मागितलेली माफी अजून ह्यांनी घेतली नव्हती. “मी काय सांगू?” हे म्हणाले. “तिलाच विचारून करत असतो तर आज इथे आलोच नसतो.”

मी पिशवीतून रात्री पुन्हा लिहून काढलेला अर्ज काढला. हिंदीत, चार कलमांचा, अनसूयाबाईंच्या नावासकट. मामंजींपुढे सहीसाठी ठेवला.

त्यांनी तो वाचला. शब्दाशब्दावर बोट ठेवून, सावकाश, पहिलीतल्या मुलासारखं. छत्तीस वर्षं शिकवलेले मास्तर आणि त्यांना आता आपल्याच लिपीची भीती बसली होती. ते बोट बघून मला भाऊरावांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. बयाना परत मिळतो. तो भरवसा परत मिळत नाही.

“ठीक असेल,” ते म्हणाले. “तू लिहिलंय म्हणजे ठीक असेल. पण मी माझं लिहितो.”

मिस्त्र्याने कानावरून काढून पुढे केलेली पेन्सिल बाजूला सारून त्यांनी स्वतःचं पेन काढलं. माझ्या अर्जाखाली, मराठीत, फळ्यावर लिहितात तशा मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘या घराच्या खरेदीस माझी सक्त हरकत आहे.’ खाली नाव लिहिलं, मोडीत नाही, सरळ बाळबोध.

श्यामसुंदरजींनी कागद हातात घेतला, उलटा सुलटा केला. “ऊपर तो ठीक। नीचे ये ‘हरकत’ क्या? हमारे यहाँ तो हरकत बदमाशी को कहते हैं।”

मी तोंड उघडलं. मामंजींनी हात वर करून मला थांबवलं.

“भाऊराव,” ते म्हणाले, “तुमची हिंदी चांगली आहे म्हणता. सांगा यांना, मी काय लिहिलं.”

भाऊरावांनी दाराकडे पाहिलं. दारात दोन मिस्त्री उभे होते.

“सांगा. मी ऐकून राहिलो. अन् सूनबाई तपासून राहिली.”

“इन्हें…” भाऊराव म्हणाले. “इन्हें आपत्ति है।”

श्यामसुंदरजींनी पेन मागितलं आणि पोच लिहायला घेतली. मी वाकून त्यांच्या खांद्यावरून प्रत्येक अक्षर वाचत होते.